कागदाची मागची बाजू

मोताळा, ६ जुलै २०२५

चि. मधुवंती हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रुसली आहेस, असं ताईने तुझ्या मामीला कळवलं. अगं, उचलून करू काय? ऐकू येत नाही म्हणून मी आपलं 'हो हो' म्हणत जातो, आणि कशाला हो म्हटलं ते तुझ्या मामीला नंतर कळतं. मागच्या महिन्यात असंच हो हो केलं आणि आठ दिवसांनी चार पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे. तेव्हा पत्रच बरं. चित्रकलेच्या मास्तराला दोन ओळी लिहिताही येतात, हे तुम्हा पुणेकरांना कळू दे.

काम असं आहे. आपला कापसाच्या जिनिंगचा चौक तुला आठवत असेल, मधोमध कडुनिंब होता तो. रस्ता रुंद झाला, निंब गेला आणि मे महिन्यात चौक नवा झाला. दिसायला झकास. पण मलकापूरकडून येणारा ट्रक नांदुऱ्याकडे वळताना आता ब्रेकला पायसुद्धा लावत नाही, कोपरा इतका ऐसपैस गोल करून ठेवला आहे. पूर्वी चौक ओलांडायला मला अकरा पावलं लागत. आता एकतीस लागतात, आणि मधे टेकायला जागा नाही.

गेल्या मंगळवारी इंद्रभान भाजीवाल्याची अर्पिता, अकरावी सायन्सची, सायकल हातात धरून चौक ओलांडत होती. निम्म्यात असताना ट्रक वळला आणि त्याचं मागचं चाक सायकलवरून गेलं. पोरगी वाचली, कोपर तेवढं खरचटलं. सायकलच्या चाकाचा पापड झाला. त्याच संध्याकाळी इंद्रभान घरी आला. म्हणाला, "गुरुजी, आता बस झालं. दिवाळीच्या सुटीलोक मी तिले गाडीवर सोडून देतो. मंग मले जमत नाही, भाजी तोडाची का पोरगी सोडाची? सुटीनंतर ती घरीच राहीन." अर्पिता दारात उभी होती. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पोरगी हुशार आहे गं. माझ्याकडे सुट्टीत चित्रं काढायला यायची.

मी इंद्रभानला म्हटलं, सुटीपर्यंत चौक दुरुस्त करून देतो. बोलून बसलो खरा. आता तू याच रस्ते आखायच्या धंद्यातली आहेस, तर अर्जात काय मागायचं ते मला शहाण्यासारखं लिहून पाठव.

आणि हो, यात पोरीची चूक नाही बरं का. ती सायकलवरून उतरली होती. मोताळ्यात चौकात कोणी सायकलवर बसून जातच नाही. १९९१ साली माझ्या वर्गातल्या धम्मदीपचा पाय त्याच चौकात कापसाच्या ट्रकखाली आला. तो वाचला, पण एक पाय आखूड राहिला. तेव्हापासून रोज प्रार्थनेनंतर मी पोरांकडून घोकून घेतलं: चौक आला, उतरा. निवृत्त होईपर्यंत एक दिवस खाडा केला नाही. आज त्या पोरांची पोरं उतरतात, म्हातारे उतरतात, दूधवालेसुद्धा उतरतात. आयुष्यात चित्रं फार काढली नाहीत मी, पण हे एक काम टिकलं. माझी फुशारकी तुझ्याशिवाय ऐकतं कोण!

मामी म्हणते, पुण्यात उपास जास्त करू नकोस.

तुझा,
गोपाळमामा


पुणे, १५ जुलै २०२५

ती. मामांस,
सा. न.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून छापल्यासारखं आहे आणि माझं अजून कोंबडीच्या पायासारखं, तेव्हा सांभाळून घ्या.

अर्जात तीन गोष्टी मागा. एक, वळणाचा कोपरा आवळा, म्हणजे ट्रकला वेग कमी करावाच लागेल. दोन, दुभाजकात थांबायला जागा करा, म्हणजे एकतीस पावलं दोन टप्प्यांत ओलांडता येतील. तीन, वळणाआधी गतिरोधक. एवढंच मागा. वाहनगणना, आराखडा कोणी केला, जुनी फाईल, असल्या भानगडीत पडू नका. त्याने ऑफिसातली माणसं बिथरतात आणि काम मागे पडतं. मी रोज बघते.

अर्पिताला सांगा, शाळा सोडायची नाही. निंब तोडला हे वाचून वाईट वाटलं. सावली चांगली होती त्याची.

मामींना नमस्कार. उपास करत नाही, वेळेवर जेवते.

मधू


मोताळा, ३ ऑगस्ट २०२५

चि. मधू,
अनेक आशीर्वाद.

तुझी तीन कलमं मी अर्जात जशीच्या तशी घातली, आणि तू ज्या भानगडीत पडू नका म्हणालीस, तिच्यात नेमका पडलो. चाळीस वर्षं पोरांना 'तिकडे जाऊ नका' म्हणून सांगितलं आणि पोरं तिकडेच गेली. आता त्यांचा गुण मला लागला.

झालं असं, की रस्त्याच्या कामाचा नवा साहेब म्हणून जूनमध्ये कोण बदलून आलाय? आपला धम्मदीप! तोच, पायवाला. मला बघून खुर्चीतून उठला. म्हणाला, "गुरुजी, तुमचा अर्ज बरोबर हाये, मले सांगाची गरज नाही. पण वरतून विचारतीन, सायकली किती जातात? अन् फाईल म्हणते, एकबी नाही." मी म्हटलं, दाखव. त्याने झेरॉक्स दिली.

मधू, डिसेंबर २०२१ ची गणना आहे. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. ट्रक इतके, मोटारी इतक्या, बैलगाड्यासुद्धा सव्वीस. आणि सायकलीच्या रकान्यात बारा तास नुसती शून्यं. एकाखाली एक, माळेसारखी! मोताळ्यात सायकल नाही? उद्या म्हणतील मोताळ्यात कापूस नाही. म्हणून तर सायकलीला जागा ठेवली नाही. ज्याने मोजलं तो गाढव चौकात आलाच नसेल, कुठल्या हॉटेलात भजी खात बसून आकडे ठोकले असतील. खाली सही आहे, ती वाचता येत नाही. कोंबडी नाचलीय नुसती. तो माझ्या वर्गात असता तर अंगठे धरून उभा केला असता, घंटा होईपर्यंत.

धम्मदीप म्हणाला, "मी तवा इथं नव्हतो गुरुजी. मले बी पटत नाही. पण कागद हाये न."

पुन्हा गणना करायला लावतो म्हणाला, ऑक्टोबरात, एकच दिवस. त्यात सायकली दिसल्या तर काम पुढे सरकेल. इंद्रभानला मी सांगून आलो. तो हसला फक्त. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

असल्या खोट्या कागदावर तुमच्या धंद्यात काही कारवाई होते का, ते कळव.

गोपाळमामा


पुणे, १३ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
सा. न.

अंगठे धरून उभी आहे.

ती सही माझी आहे. कोंबडीचा पाय तुम्ही ओळखायला हवा होतात, पण माझ्यावर संशय घ्यायचं तुमच्या मनातही आलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्या डिसेंबरात मी तुमच्याकडे एक रात्र मुक्कामाला आले होते, मलकापूरला काम आहे म्हणाले होते, आठवतं? काम मोताळ्यातच होतं. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. 'आपल्याच गावचा रस्ता' म्हणून मिरवायचं होतं, पण आधी चौक झकास होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. नंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून 'फाईल बघू नका' असं लिहिलं.

पण मामा, मी भजी खात नव्हते. बारा तास तोंडाला मास्क लावून त्या निंबाखाली बसून होते, म्हणून कोणी ओळखलं नाही. मोजलं ते खरं मोजलं. आमचा नियम असा, की जो सायकलवर बसून चौकातून जाईल तो सायकलस्वार, जो चालत जाईल तो पादचारी. आणि तुमच्या गावात सगळे निंबाच्या अलीकडे उतरत होते, सायकल धरून चालत होते आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसत होते. एकजात सगळे. मला वाटलं, रस्ता खराब आहे म्हणून उतरत असतील. मी त्यांना पादचारी लिहिलं.

का उतरत होते, ते मला तुमच्या पहिल्या पत्रात कळलं. हे लिहू की नको म्हणून मी चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. पण मागच्या वेळी लपवून काय झालं ते पाहिलं. तुमच्या नियमात काही वाईट नव्हतं. आमच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

एक सांगायचं राहिलं. मला ते तेव्हाही खटकत होतं. म्हणून गणनेच्या कागदाच्या मागच्या बाजूला, सायकल धरून जाणाऱ्या प्रत्येकाची मी पेन्सिलने वेगळी रेघ मारली होती. आमच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, कागदाची मागची बाजू कोणी वाचत नसतं. मी गप्प बसले. तुमच्याकडे झेरॉक्स आहे, ती पुढच्या बाजूची. धम्मदीप साहेबांकडे मूळ कागद असेल तर तो उलटा करायला सांगा.

हवं तेवढं रागवा. पण उत्तर लिहा.

मधू


मोताळा, १० सप्टेंबर २०२५

चि. मधूस,
प्रतिमामामीचा आशीर्वाद.

तुझ्या मामांनी महिनाभर पत्र लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते आहे. माझं शुद्धलेखन तपासू नको. ते तुझ्यावर रागावले नाहीत, एवढं आधी वाच आणि मग बाकीचं वाच.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं, आणि सायकलला कुलूप लावलं. त्या दिवसापासून बाहेर काढली नाही. रोज सकाळी चौकात चालत जातात, लोक कसे उतरतात ते बघत उभे राहतात आणि चहा थंड झाल्यावर घरी येतात. मला एकदाच म्हणाले, "करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. पोरं दिसू नयेत असंच मी शिकवून ठेवलं की गं."

मागच्या सोमवारी त्यांच्या मनानं घेतलं की पुन्हा गणना होणार त्या दिवशी पोरांनी बसून जायचं, म्हणजे कागदावर दिसतील. शाळेत गेले. प्रार्थनेनंतर बाईंनी त्यांना बोलायला उभं केलं. मी फाटकात होते, यांना माईकचा आवाज कळत नाही म्हणून सोबत गेले होते. चारशे पोरं समोर. हे म्हणाले, "बाळांनो, चौक आला की..." आणि थांबले. सवयीनं पोरंच ओरडली, "उतरा!" मधू, ती पोरं यांच्या वेळची नाहीत गं. यांच्यानंतरच्या मास्तरांनी चालू ठेवलंय ते. हे तसेच उभे राहिले, मग 'शाब्बास' म्हणून खाली बसले.

काल धम्मदीप आला. मूळ कागद उलटून बघ, असा निरोप यांनीच त्याला धाडला होता. बगलेत फाईल. जेवायला बस म्हटलं तर म्हणे, "काकू, आधी गुरुजीले एक दाखवतो." कागद काढला आणि यांच्यापुढे उलटा ठेवला. मागची सगळी बाजू पेन्सिलच्या रेघांनी भरलेली, चार उभ्या आणि एक आडवी. धम्मदीपनं मोजून आणल्या होत्या, चारशे अडतीस. यांनी चष्मा लावून सगळ्या रेघांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "रेघ चांगली मारते पोरगी. अक्षर तेवढं गेलं."

मग धम्मदीपनं त्यांना बजावलं, मोठ्यानं, ऐकू जाईल असं. "गुरुजी, पोरांयले बसून जा म्हणून सांगू नका. माह्या पायानंतर त्या चौकात एकबी पाय गेला नाही. काऊन तो नियम मांगं घेता? फारम बदलू आपण. पण वरचे म्हणतीन, मांगचा कागद कोन्या अधिकारानं लिहिला? ज्यानं मोजलं त्यानं सहीनिशी कबूल केलं पायजे."

हे लगेच म्हणाले, "माझ्या भाचीला यात ओढू नकोस. तिची नोकरी आहे." म्हणून तर तुला लिहीत नाहीत. मला वाटलं तुला कळायला हवं. काय करायचं ते तू ठरव. मी फक्त कळवलं.

अर्पिता काल लिंबं द्यायला आली होती. फिजिक्सचं पुस्तक लिंबांच्या पिशवीतच होतं.

मामी


पुणे, १८ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न.

मामींना रागावू नका. त्यांनी लिहिलं ते बरं केलं.

मी सहीनिशी कबुली लिहून दिली आहे. एक प्रत धम्मदीप साहेबांना रजिस्टरने पाठवली, एक आमच्या ऑफिसात दिली. 'सायकल धरून चालणारे चारशे अडतीस जण मी पादचाऱ्यांत मोजले, ते सायकलस्वार होते, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं.' शेवटचं वाक्य आमच्या साहेबांनी खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही. नोकरी आहे अजून. नागपूरच्या मोठ्या कामातून मात्र नाव काढलं, आता वर्षभर दुसऱ्यांची बेरीज तपासत बसायचं. थोडं रडले. मग जेवले, मामींना सांगा.

सोबत गणनेचा नवा नमुना आहे. एक रकाना मी जास्त आखला आहे: 'सायकल हाती धरून'. पट्टी तुम्हीच दिलेली, सातवीत पहिली आले तेव्हाची लाकडी. धम्मदीप साहेबांनी हा नमुना मान्य करून घेतला आहे. मला गणनेला यायला ऑफिसने मनाई केली, म्हणून तिथे तुम्ही बसा.

आणि मामा, पोरांना उतरू द्या. तुमच्या नियमाला रकाना मिळाला, आता तो लपणार नाही.

मधू


मोताळा, १० ऑक्टोबर २०२५

चि. मधू,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिलं नाही त्याबद्दल तुझी माफी मागतो. मामाने भाचीची माफी मागू नये म्हणतात, पण इथे कोण बघतंय? तुझ्यावर राग नव्हता. स्वतःवर होता, आणि तो पोस्टात टाकता येत नाही.

परवा गणना झाली. धम्मदीपने दोन माणसं बसवली होती, मी खुर्ची घेऊन तिसरा. मला वाटलं होतं, नव्या चौकाला घाबरून निम्म्या सायकली बंद झाल्या असतील. दहा वाजेपर्यंत तसंच दिसत होतं. पण अकराला शाळा भरायची वेळ झाली आणि पोरीच पोरी आल्या, निळ्या सायकली धरून, दोघी-तिघी मिळून, ट्रक थांबेस्तोवर काठावर उभ्या. मोजणाऱ्याला रेघ मारायला हात पुरेना. संध्याकाळी बेरीज तीनशे सत्त्याण्णव. बसून गेलेला एकच, तोही परगावचा.

तुझ्या वेळेपेक्षा एकेचाळीस कमी. त्या एकेचाळिसांत एक अर्पिता आहे. बाकीच्या चाळीस घरांत काय ठरलं असेल, ते मला माहीत नाही. मी मास्तर होतो, मला माहीत असायला हवं होतं.

कागदावर धम्मदीपने सही केली आणि तो उलटा करून बघितला, मागे काही राहिलं नाही ना म्हणून. आम्ही दोघंही हसलो.

मंजुरीला वेळ लागेल. तोवर वाळूची पोती आणि पिंपं लावून तात्पुरतं करतो म्हणाला, सुटी संपायच्या आत. त्याने मला शब्द दिला, मी इंद्रभानला; आता दोघंही पोत्यांची वाट बघतोय.

गोपाळमामा


मोताळा, ९ नोव्हेंबर २०२५

चि. मधू,
अनेक आशीर्वाद.

झालं. वाळूच्या पोत्यांनी कोपरा आवळला आहे, अगदी काटकोनात नाही, पण ट्रकला आता गिअर बदलावा लागतो. दुभाजकात दोन सायकली उभ्या राहतील एवढं खिंडार पाडलं आहे. पावलं मोजली: बारा, मग थांबा, मग नऊ. कडेला सायकलींसाठी पांढरा पट्टाही मी मागून मारून घेतला आहे, तो सरळ रेषेत नाही. रंगवणाऱ्याच्या हातून ब्रश घ्यायचा मोह मी आवरला. गतिरोधक आणि बाकीचं पक्कं काम मार्चनंतर करू म्हणतात. कागद त्यांच्याकडे आहे, आणि पक्कं होईपर्यंत मीही रोज त्यांच्याकडेच आहे.

इंद्रभान शाळा उघडायच्या आदल्या दिवशी येऊन पाहून गेला. पोतं हलतं का म्हणून पायाने ढकलून पाहिलं. चार ट्रक वळेपर्यंत उभा राहिला. मला म्हणाला, "गुरुजी, तुमचे ते धम्मदीप साहेब सांगत होते, पुन्याच्या बाईनं सोताच्या नावानं चूक लिहून देल्ली म्हणून. हाव का?" मी म्हटलं, हो, माझी भाची आहे. त्याने पोत्याला पुन्हा एकदा पाय लावून पाहिला. मग म्हणाला, "मंग चाक बदलून आनतो सायकलचं." आणि गेला. मधू, मी रस्त्यात उभ्या उभ्या डोळे पुसले. लोकांना वाटलं धूळ गेली.

दुसऱ्या दिवशी मी तीन महिन्यांनी सायकलचं कुलूप काढलं. चौकापर्यंत गेलो. पट्टा समोर होता, मोकळा. मीच मागितलेला, आणि खास बसून जाण्यासाठी आखलेला. पण निंब होता त्या जागी आलो आणि पाय आपोआप खाली. उतरलो आणि हँडल धरून चालायला लागलो. चौतीस वर्षांची सवय, ती माझी तरी कशी सुटणार?

मागून कोणी घंटी वाजवत होतं म्हणे. मला काय ऐकू येणार! मग पांढऱ्या पट्ट्यावरून सायकल माझ्या बरोबरीला आली. अर्पिता. नवं चाक, दप्तर पाठीला, आणि बसलेली. पुढे जाऊन खिंडारात थांबली, एक पाय टेकून. मी पोचलो तशी मला ऐकू जावं म्हणून सगळ्या चौकात ओरडली, "गुरुजी, आता उतराचं नाही! बसा न!"

ट्रकवाला थांबला होता. मी सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, भर चौकात टांग टाकून सायकलवर बसलो. उरलेली नऊ पावलं तिच्या मागोमाग गेलो.

गोपाळमामा